सह्याद्रीच्या गाडीवाटांवर हॅरियर ईव्ही: पावसाळा ते उन्हाळा

डांबरी रस्ता सोडून गाडी चालवण्याची आवड असलेल्यांना विजेच्या गाडीबद्दल पहिली शंका येते ती बॅटरीची. आडरानात चार्ज संपला तर काय करायचे, हा प्रश्न मलाही घरच्यांनी विचारला होता. गेल्या पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून टाटा हॅरियर ईव्हीची चारही चाकांना ताकद देणारी आवृत्ती भोर, वेल्हे, मुळशी आणि अकोले या भागांत वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सह्याद्रीत काळजी चार्जपेक्षा गाडीच्या वजनाची घ्यावी लागते. कुठे जायचे आणि कुठून परत फिरायचे, याचे बहुतेक निर्णय वजनच ठरवते.

आधी जमेची बाजू सांगतो, कारण ती खरोखर मोठी आहे. या गाडीत पुढच्या आणि मागच्या आसाला स्वतंत्र मोटर आहे, दोन्ही मिळून 504 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, मिळतो, आणि विजेच्या मोटरचा स्वभावच असा की चाक पूर्ण थांबलेले असतानाही जवळजवळ सगळा जोर हाताशी असतो. माझ्या आधीच्या डिझेल गाडीत चढावर अर्धा क्लच धरून, वास येईपर्यंत झगडावे लागे. वेल्ह्याकडे पावसाने शेवाळलेल्या कातळाच्या एका चढावर नव्या गाडीचे पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी अधांतरी झाले. दोन्ही चाके क्षणभर गरागरा फिरली, ब्रेक यंत्रणेचा कटकट आवाज आला आणि जमिनीला टेकलेल्या चाकांकडे ताकद वळली. अशा वेळी पाय उचलायचा नाही आणि दाबायचाही नाही, तो आहे तिथेच स्थिर ठेवायचा. गाडी वीतभर मागे न घसरता वर चढली. अवघड चढासाठी वेग कमी करून जोर वाढवणारा लो-रेंज गिअर इथे नाही, आणि एका आसाची दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या डिफरन्शियल लॉकची सवय असलेल्यांना ही क्षणभराची वाट सुरुवातीला खटकेल, पण पायाखालचा ताबा इतका बारीक आहे की मला पुन्हा क्लचकडे जावेसे वाटत नाही.

उतारावरचा अनुभव याहून चांगला आहे. मोटर जनित्रासारखी चालून वीज बनवते आणि गाडी धरून ठेवते, त्यामुळे लांब घाटात ब्रेक तापत नाहीत. मात्र बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर ती वीज साठवायला जागाच नसते आणि ही पकड बरीच कमी होते. म्हणून घाटमाथ्यावर मुक्काम असेल आणि सकाळी थेट कोकणात उतरायचे असेल, तर मी चार्ज नव्वद टक्क्यांच्या आतच थांबवतो.

आता वीज किती लागते ते पाहू. बॅटरी 75 युनिटांची आहे आणि प्रमाणित पल्ला 622 किलोमीटरचा आहे, पण घाटवाटांचा हिशेब त्या आकड्यावर करू नये. माणसे आणि सामान धरून अडीच टनांची गाडी 600 मीटर उंच चढवायला केवळ उंचीपोटी साधारण 4 युनिटे जातात आणि उतरताना त्यांतली काही परत मिळतात. चिखलात आणि दगडांत दर किलोमीटरचा खर्च दीडपट ते दुप्पट होतो, परंतु अशा वाटा मुळातच चार-सहा किलोमीटरच्या असतात. खरा चार्ज खातो तो पुण्याहून तिथवर जाण्याचा महामार्ग. त्यामुळे शेवटच्या मोठ्या गावात, म्हणजे भंडारदऱ्याच्या बाजूला जाताना संगमनेरला, चार्ज भरून घेतला की पुढचे दोन दिवस चिंता नसते.

खेड्यातल्या घरगुती जोडणीवर रात्रभर चार्ज करणेही जमते, पण 15 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग असेल तरच. रतनवाडीत मुक्कामाच्या घरी चार्जर लाल दिवा दाखवत राहिला. घरमालक काकांनी न बोलता ओसरीमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतले आणि म्हणाले, “आता लावून बघा, साहेब.” हिरवा दिवा लागला. सकाळपर्यंत सुमारे तिसरा हिस्सा बॅटरी भरली आणि विजेचे पैसे आम्ही मीटर पाहून दिले. अर्थिंग नसतानाही चार्ज करू देणारे जुगाड बाजारात मिळतात. ते जिवाशी खेळणे आहे, ते वापरू नयेत.

आता वजनाकडे येतो. काळ्या मातीत, आणि भातखाचरांच्या कडेच्या तांबड्या चिखलात, जड गाडी एकदा रुतली की चाक फिरवत राहिल्याने आणखी खोल जाते. जोर भरपूर असल्यामुळे तो मोह जास्त होतो, आणि तोच आवरावा लागतो. टायरमधली हवा थोडी कमी केल्याने फार फरक पडतो, म्हणून हवा भरायचा छोटा पंप कायम सोबत असतो. ट्रॅक्टरने ओढायची वेळ आली तर दोर गाडीसोबत मिळालेल्या टो-हुकलाच बांधायचा. खाली बॅटरीची पेटी असल्याने मदतीला आलेल्या माणसांना हे आधीच नम्रपणे सांगावे, कारण ते सवयीने पोटाखाली हात घालून आधार शोधतात. जॅकही ठरलेल्या जागांवरच लावायचा. चिखलातून थोडे ओढून बाहेर काढणे वेगळे, पण रस्त्यावर चाके फिरती ठेवून लांबवर ओढत नेऊ नये, त्यासाठी सपाट पाठीचा ट्रकच बोलवावा.

ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्यांमधला मधला उंचवटा ही मला सर्वांत भीतीची जागा वाटते. बॅटरी पोटात असताना तिथे दगड घासू देणे परवडणारे नाही. गाडीखालचे दृश्य पडद्यावर दाखवणारा कॅमेरा उपयोगी आहे, परंतु अशा यंत्रणेत ते चित्र क्षणभर आधी टिपलेले असते आणि भिंगावर चिखल बसला की तेही जाते. सोबतच्या माणसाने उतरून पुढे चालत जाणे याला पर्याय नाही.

पाण्याबाबत बराच गैरसमज आढळतो. इंजिनात पाणी शिरण्याची भीती इथे नाही आणि कंपनी 600 मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता सांगते. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात मात्र प्रवाह गाडीला बाजूला ढकलतो, त्याला इंजिन कसले आहे याच्याशी देणेघेणे नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर मी थांबतो. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे अंतर जावे, कारण या गाड्यांत ब्रेक क्वचितच लागत असल्याने ते आपोआप वाळत नाहीत.

गाडी फारसा आवाज करत नाही, हे रानात सुखाचे आहे. दगडावर टायर कसा सरकतो ते ऐकू येते. पण गुराख्यांना आणि म्हशींना ती येताना कळत नाही, म्हणून वळणावर मी काच खाली करून हाक देतो. धूर नाही म्हणून कुठेही घुसावे, असेही नाही. कासच्या परिसरातल्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, मातीचा थर बोटभरच असतो आणि त्यावर अडीच टनांच्या गाडीचे चाक फिरले की तिथली फुले पुन्हा येण्याची शक्यताच संपते. सागरकिनाऱ्यावर, विशेषतः वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या विणीच्या जागी, गाडी नेणे मी पूर्ण वर्ज्य मानतो. गावाच्या रुळलेल्या वाटा पुष्कळ आहेत.

जून लागण्यापूर्वी रस्त्याचे टायर काढून कच्च्या वाटांवरही चालणारे ऑल-टेरेन टायर बसवणार आहे. पल्ला काही टक्क्यांनी घटेल हे ठाऊक आहे, तरी ओल्या तांबड्या मातीवर तो सौदा मला मान्य आहे.