थाई वाचन: मुलांच्या गोष्टी की बातम्या?
अक्षरओळख झाली की पुढे काय वाचावं? गोष्टींत वाक्यं छोटी, चित्रंही असतात. पण बहुतेक शब्द अस्सल थाई, मराठी कानाला परके.

बातमी अवघड दिसते, तरी आपल्याला तीच जवळची, कारण तिच्यात संस्कृत-पालीतून आलेले शब्द बरेच. ‘फासा’ म्हणजे भाषा, ‘आथित’ म्हणजे आदित्य. ‘आथित’च्या शेवटी ‘य’ लिहितात, पण त्यावर मौनाची खूण असते. पाली वंदना पाठ असलेल्या घरात ‘फुत’, ‘थम’ म्हणजे बुद्ध, धम्म, हे लगेच उमगतं.

अडतं ते शब्द तोडताना. थाईत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विशेषनामही वेगळं दिसत नाही. म्हणून तालुक्याला गेलात की चार बातम्यांच्या प्रिंट काढून आणा. गावात रेंज नसली तरी चालतं. आधी पेन्सिलीनं शब्द तोडा, मगच शब्दकोश उघडा. बोलीसाठी मात्र गोष्टीच बऱ्या.