ह्यूगो + गिटहब पेजेसवर पोर्टफोलिओ: काही महिने वापरल्यावर

आधी खर्च, कारण पहिला प्रश्न तोच असतो. ह्यूगो (मजकुराच्या फायलींतून साइटची तयार पानं बनवणारा प्रोग्राम) फुकट, गिटहब पेजेसही (ती पानं इंटरनेटवर ठेवणारी गिटहबची सेवा) फुकट. फुकटच्या खात्यावर रिपॉझिटरी (साइटच्या फायलींचं गिटहबवरचं फोल्डर) मात्र सार्वजनिक ठेवावी लागते. खिशातून जातात ते डोमेनचे पैसे. साइटला १ जीबीची मर्यादा आहे, पण कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवले नाहीत तर एखाद्याच्या पोर्टफोलिओला ती पुरून उरते.

फोटो 'स्टॅटिक' फोल्डरमध्ये टाकू नका, तिथे ह्यूगो त्यांना हात लावत नाही. प्रकल्पाच्या पानाच्याच फोल्डरमध्ये ठेवले तर बिल्ड होताना (म्हणजे ह्यूगो साइट तयार करताना) १६०० पिक्सेल रुंदीचं, ७५ क्वालिटीचं वेबपी (फोटोचा हलका फाइल-प्रकार) आपोआप करून घेता येतं. इमेज टॅगला रुंदी-उंची द्यायचीच, नाहीतर फोटो उतरताना मजकूर खाली उडी मारतो. लेझी लोडिंग (फोटो दिसायची वेळ आली की मगच उतरवणं) सगळ्यांना लावा, पण सर्वांत वरच्या फोटोला नको. पाहणाऱ्याला तोच आधी हवा असतो.

खरी कसोटी मराठी मजकुराची. बहुतेक थीम (साइटच्या मांडणीचे तयार साचे) इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. मेनूला दोन पिक्सेल लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) असतं आणि 'प्रकल्प' या शब्दाची शिरोरेखा मधेमधे तुटते. देवनागरीसाठी ते शून्य करा. शीर्षकांची लाइन-हाइट (ओळीची उंची) १.२ असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात, शीर्षकाला १.४ आणि मजकुराला १.७ ठीक बसतं. 'मुक्त' नावाचा फाँट उत्तम, मात्र ४०० आणि ७०० ही दोनच वजनं (अक्षरांची जाडी) घ्या. ल आणि श मराठी वळणाचेच हवे असतील तर 'टिरो देवनागरी मराठी' हा फाँट.

पानांना इंग्रजी स्लग (पत्त्यातलं पानाचं नाव) द्या. देवनागरी पत्ता कॉपी केला की एकेका चिन्हाची टक्केवाली नऊ अक्षरं होतात आणि व्हॉट्सअॅपवर तो पत्ता आहे की कचरा, कळत नाही.

तारखेची भानगड सगळ्यात चिडवणारी. सकाळी दहाची वेळ लिहून पान चढवलं, बिल्ड हिरवा (म्हणजे यशस्वी), पण पान गायब! ह्यूगो ती वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतो, म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, आणि भविष्यातल्या तारखेचं पान तो बनवतच नाही. कॉन्फिगमध्ये (ह्यूगोच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) टाइमझोन 'एशिया/कोलकाता' केला की प्रश्न मिटतो.

संपर्काचा फॉर्म इथे आपला आपण चालत नाही, कारण मागे सर्व्हरच नाही. बाहेरची सेवा जोडण्यापेक्षा सरळ ईमेलची लिंक बरी.

थीम सबमोड्यूल म्हणून (दुसऱ्या रिपॉझिटरीशी जोडून) घेतली असेल तर वर्कफ्लोच्या (गिटहबवर बिल्ड आपोआप चालवणाऱ्या फाइलच्या) चेकआउटमध्ये, म्हणजे फायली उतरवून घेण्याच्या पायरीत, सबमोड्यूल्स 'रिकर्सिव्ह' लिहायला विसरू नका, नाहीतर थीमचं फोल्डर रिकामंच राहतं. ह्यूगोची आवृत्तीही नेमका आकडा देऊन बांधून ठेवा. 'लेटेस्ट' लिहिलं की एखाद्या दिवशी नुसता फोन नंबर बदलायला जाल आणि जुन्या थीमपायी अख्खा बिल्ड अडेल.