५.१ होम थिएटर घेताय? आवाज नंतर ऐका, आधी स्पीकर उलटा करून मागून बघा

ऐन दिवाळीत आमच्या ५.१चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, चालू केला की टक् करून बंद, डिस्प्लेवर प्रोटेक्ट. सर्व्हिसचा माणूस आला, वरचं झाकण काढलं, टॉर्च मारला आणि म्हणाला बोर्ड गेलाय, साडेनऊ हजार, आणि लाइटच्या फ्लक्च्युएशनने गेलेला बोर्ड वॉरंटीत बसत नाही. मागची एकही वायर त्याने हलवली नाही. मी म्हटलं, मग त्याच स्विचबोर्डावरचा टीव्ही कसा शाबूत? त्यावर साहेबांनी व्हिजिट चार्जची पावती फाडली.

संध्याकाळी बिल्डिंगमधला पोरगा आला, गणपतीत मंडळाचा साऊंड तोच लावतो. त्याने स्पीकरच्या सगळ्या वायरी काढल्या आणि रिसीव्हर लावला तर चालू! मग दरवेळी बंद करून एकेक स्पीकर जोडत गेला, डावा सराउंड, म्हणजे सोफ्याकडचा स्पीकर, जोडला आणि परत टक्. भिंतीवरून उतरवून बघितलं तर तांब्याची केसाएवढी एक तार लाल क्लिपमधून निसटून काळ्याला चिकटलेली. शॉर्ट दिसला म्हणून रिसीव्हर स्वतःला वाचवत होता, बिचारा बरोबर वागत होता.

म्हणजे सगळं खापर त्या स्प्रिंग क्लिपवर. टीव्हीच्या दोन बाजूंच्या फ्रंटला आणि मधल्या सेंटरला व्यवस्थित स्क्रूवाले बाइंडिंग पोस्ट, बनाना प्लग खोचा आणि विसरा, आणि सराउंडला मात्र दाबून वायर घालायच्या त्या टिचक्या क्लिपा. का तर मागचं कोण बघतंय! अडीच स्क्वेअर एमएमची वायर त्या भोकात जातच नाही, चार तारा छाटून घालावी लागते, आणि छाटलेल्यातलीच एखादी बाहेर राहते. वर बाई जाळी काढताना झाडू लागला की वायर ओढली जाते ते वेगळंच. तिथे दीड एमएम पुरते, हॉल १० बाय १४चा, वायर काही गावाला न्यायची नाहीये. पण पोस्ट द्यायला कंपनीला किती खर्च आला असता हो?

बाकी आवाज. सुरुवातीला सेंटर एकदम भिकार वाटायचा, डायलॉग डब्यात बोलल्यासारखे आणि मारामारी सुरू झाली की घर हादरायचं, रिमोट हातातून सुटायचा नाही. ते मत आता बदललंय. स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला होता, तो कडेपर्यंत पुढे ओढला, खाली रबराचे तुकडे देऊन तोंड कानाकडे वर केलं. ऑटो सेटअपने चार इंची वूफरच्या फ्रंटला 'लार्ज' ठरवून टाकलं होतं, ते 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, सेंटरला १००, म्हणजे त्याखालचा बेस सगळा सबवूफरकडे. आता मधे बसलं की शब्दन् शब्द कळतो. आडव्या सेंटरमधे सहसा दोन वूफर आणि मधे बारीक आवाजाचा ट्वीटर असतो, त्यामुळे सोफ्याच्या टोकाला बसणाऱ्याला आवाज थोडा पातळच लागतो, ती जागा पाहुण्यांना द्या.

आईच्या मालिका स्टिरिओ असतात, म्हणजे आवाज फक्त डावा-उजवा, त्यात सेंटर गप्प बसायचा, मोड डॉल्बी सराउंड केल्यावर संवाद मधून यायला लागले. आईचं म्हणणं आधी टीव्हीतून येत होता तो काय वाईट होता. असो.

७.१च्या, म्हणजे मागे आणखी दोन स्पीकरच्या, नादाला लागू नका. आपल्याकडे सोफा भिंतीला चिकटलेला, मागचे दोन स्पीकर काय शेजाऱ्याच्या बेडरूममधे लावणार? ५.१चे सराउंडसुद्धा थेट पाठीमागे नकोत, बाजूला किंवा किंचित मागे, कानापेक्षा फूटभर वर, बस झालं. आणि समोरचे तिन्ही, दोन फ्रंट आणि सेंटर, एकाच सिरीजचे घ्या, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मधेच गाडी बदलल्यासारखं वाटतं. सराउंड वेगळ्या कंपनीचे चालतात, तिथे पैसे वाचवा, पण क्लिपा बघून!

सबवूफर ठीक आहे, खालचे काका अजून वर आलेले नाहीत.

सध्या वायरींच्या टोकाला पिन लग, म्हणजे तारा एकत्र धरणाऱ्या धातूच्या पिना, दाबून घेतलेत, टपरीवर ४० रुपयात काम झालं, तेव्हापासून प्रोटेक्ट दिसलेलं नाही. व्हिजिट चार्जचे ५९० मात्र अजून परत आलेले नाहीत, कस्टमर केअरवाले म्हणतात इंजिनिअरने रिपोर्टमधे बोर्ड खराब असं लिहिलंय, आणि इथे त्याच बोर्डावर रोज आईची मालिका चालू आहे.