हातातलं एक्सआरएफ यंत्र: खापर, काळा पाषाण आणि गाळ तपासण्यासाठी घ्यावं का?

उत्खननातून आलेल्या दोन-तीनशे खापरांचे मातीनुसार गट पाडायचे असतील, तर हातात धरून चालवायचं एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं) यंत्र घ्यावं, निदान महिनाभर भाड्याने तरी आणावं. एखादं खापर नेमकं कुठून आलं हे फक्त याच यंत्राकडून काढून घ्यायचं असेल, तर पैसे वाया जातील. पुढचं सगळं लिहिणं या दोन कामांमधल्या फरकाबद्दल आहे.

बाजारात ब्रुकरचं ट्रेसर, थर्मोचं नायटन, व्हांटा अशी यंत्रं मिळतात. रचना जवळपास सारखी असते. ऱ्होडियम किंवा चांदीचं टार्गेट असलेली 40 ते 50 किलोव्होल्टची छोटी क्ष-किरण नळी, समोर सिलिकॉन ड्रिफ्ट डिटेक्टर, आणि साधारण 8 मिलिमीटर व्यासाचा मोजणीचा ठिपका, जो कोलिमेटर (झोत अरुंद करणारी जोडणी) लावून 3 मिलिमीटरपर्यंत आणता येतो. नळीतले किरण नमुन्यातल्या अणूंना उत्तेजित करतात आणि प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं. मोजणीच्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, लोखंडाची रेषा 6.40 केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) पडते, झिर्कोनियमची 15.77 ला, सोडियमची फक्त 1.04 ला.

यंत्राचं बळ आणि दुबळेपण या आकड्यांतच आहे. रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, नायोबियम, लोखंड, टायटॅनियम, मँगॅनीज ही मूलद्रव्यं उत्तम मोजली जातात. सोडियम विसरून जा, त्याचे किरण मधल्या हवेतच शोषले जातात. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन नीट मोजायला हवेच्या जागी हेलियम लागतो. तो वापरूनही मॅग्नेशियमच्या आकड्यावर फार भार टाकू नये. भूमध्य समुद्राभोवतीच्या ऑब्सिडियनमध्ये हे यंत्र एवढं यशस्वी ठरलं, त्याचं कारणही हेच. लिपारी, मेलोस, पँटेलेरिया आणि सार्डिनियातलं माँटे आर्ची इथली ज्वालामुखी काच एकजिनसी असते आणि रुबिडियम, स्ट्रॉन्शियम व झिर्कोनियमवरून त्या खाणी वेगळ्या ओळखता येतात. खापर मात्र काच नव्हे. त्यात माती, वाळू, भुसा, कधी कुटलेलं खापर असं सगळं कालवलेलं असतं.

म्हणून खापराच्या बाहेरच्या बाजूवर यंत्र टेकवून आकडा लिहून घेणं ही सर्वात मोठी चूक. सिलिकॉनचे किरण वरच्या 10 ते 20 मायक्रॉनमधूनच बाहेर पडू शकतात, लोखंडाचे साधारण दीडशे मायक्रॉनमधून, झिर्कोनियमचे मिलिमीटरभर खोलीतून. म्हणजे जोर्वे भांड्यासारखा लाल लेप असलेल्या खापराचं बाहेरून मोजमाप घेतलं, तर सिलिकॉन लेपाचा, झिर्कोनियम आतल्या मातीचा आणि लोखंड दोन्हींचं मिश्रण, असं कडबोळं मिळतं. शिवाय जमिनीत शतकानुशतकं पडून खापरात फॉस्फरस, कॅल्शियम, बेरियम आणि मँगॅनीज मुरतात. हिरा-चकतीने कडेचा तुकडा कापा, कापलेली बाजू 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश कागदावर सपाट करा, शुद्ध पाण्याने धुऊन वाळवा आणि त्या बाजूवर किमान 5 ठिपके मोजा. मातीत कालवलेली भर (वाळू, खडे) जाड असेल तर 8 ठिपके घ्या. 2 मिलिमीटरपेक्षा पातळ खापर टाळा. लेप आणि रंग मोजायचेच असतील तर ते वेगळ्या नावाने, वेगळ्या तक्त्यात नोंदवा.

रेषा एकमेकींवर चढतात त्याचीही आठवण हवी. दख्खनच्या मातीला टायटॅनियम भरपूर, आणि त्याची दुसरी रेषा 4.93 ला पडते. व्हॅनेडियमची मुख्य रेषा 4.95 ला. बेरियमची रेषा तर थेट टायटॅनियमच्याच अंगावर येते. रुबिडियमची दुसरी रेषा यट्रियमला फुगवते, स्ट्रॉन्शियमची झिर्कोनियमला. यंत्राचं सॉफ्टवेअर हे वेगळं करतं, पण स्पेक्ट्रम उघडून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय व्हॅनेडियम आणि बेरियमचे आकडे प्रबंधात घालू नयेत. किनाऱ्यावरच्या खापरांत मीठ शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की क्लोरीनची रेषा ऱ्होडियम नळीच्या स्वतःच्या रेषेला अगदी लागून असते. योग्य फिल्टर न लावता ‘क्लोरीन सापडलं’ म्हणू नये.

यंत्रात आधीपासून भरलेले ‘सॉइल’ आणि ‘मायनिंग’ हे मोड वापरायला सोपे आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. सॉइल मोड कमी प्रमाणातल्या मूलद्रव्यांसाठी बनवलेला आहे. काळ्या मातीत लोखंड 8-10 टक्क्यांपर्यंत गेलं, की त्या मोडचे आकडे घसरायला लागतात. स्वतःचं कॅलिब्रेशन करा. अमेरिकेच्या मानक संस्थेची (एनआयएसटी) 679 ही विटांची माती आणि तिथल्या भूगर्भ सर्वेक्षणाचा (यूएसजीएस) बीएचव्हीओ-2 हा हवाईचा बेसाल्ट, ही आधीच मोजून ठरवलेली दोन प्रमाण-द्रव्यं दख्खनच्या कामासाठी हाताशी हवीतच. दिवसाच्या सुरुवातीला, दर 20 नमुन्यांनंतर आणि शेवटी त्यातलं एक मोजा. आकडा सरकला तर मधले सगळे नमुने पुन्हा. मोजणीचा वेळ 60 सेकंदांवरून 240 केला तर चूक निम्मी होते, चौपट कमी होत नाही.

मातीच्या उगमाबाबत यंत्राची खरी परीक्षा घारापुरी आणि नेवाशासारख्या ठिकाणच्या अँफोरांवर (दोन कानांच्या रोमन कुंभांवर) होते. व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या मद्याच्या अँफोरांत काळी ज्वालामुखी वाळू असते, तिच्यात क्लिनोपायरॉक्सीन हे गडद खनिज भरलेलं. आपल्या बेसाल्टच्या वाळूतही ऑजाइट हे क्लिनोपायरॉक्सीनच असतं, म्हणून भिंगाखालचे काळे दाणे पाहून फसगत होते. इथे एक्सआरएफ कामाला येतं. दख्खनच्या थोलेआइट प्रकारच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम ऑक्साइड बहुधा 1 टक्क्याच्या आत आणि टायटॅनियम डायऑक्साइड साधारण 2 ते 3 टक्के असतं. व्हेसुव्हियसच्या लाव्हात पोटॅशियम, रुबिडियम, थोरियम चढे असतात. पण शेवटचा शब्द पातळ छेदाचाच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या पारदर्शक कापाचाच. 0.03 मिलिमीटर जाडीच्या छेदात सॅनिडीन हे पोटॅशियमचं फेल्डस्पार खनिज दिसलं तर बोलता येतं. भारतात पूर्वी रोमन समजली गेलेली काही खापरं नंतर मेसोपोटेमियाच्या टॉर्पेडो कुंभांची निघाली. त्यांच्या आतला डांबराचा थर मुळात कार्बनचा, आणि कार्बन या यंत्राला दिसतच नाही. अशा खापराची आतली बाजू मोजून काही हाती लागणार नाही, कापलेली कडच मोजा.

भट्टीचं तापमानही हे यंत्र सांगत नाही. ते खनिजांवरून कळतं, म्हणजे एक्सआरडीने (क्ष-किरणांच्या विवर्तनावरून खनिजं ओळखणाऱ्या पद्धतीने): केओलिनाइट 550 अंशांच्या आसपास मोडतं, कॅल्साइट 700 ते 850 दरम्यान, आणि चुनखडी मातीत त्यानंतर गेहलेनाइट, डायोप्साइड ही नवी खनिजं उगवतात. कॅल्शियम जास्त आलं म्हणून ‘चुनखडी माती’ लिहू नका. काळ्या मातीतला चुनखडीचा एकच खडा ठिपक्याखाली आला तरी आकडा उडी मारतो.

दगडासाठी यंत्राला गुण बरे, पण ठिकाण पाहून. थळघाट, मंचर भागातल्या प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार खनिजाच्या मोठ्या स्फटिकांच्या बेसाल्टवर 8 मिलिमीटरचा ठिपका एकाच स्फटिकावर बसतो आणि दगडाऐवजी स्फटिकाचं रसायन मिळतं. तिथे 15-20 ठिपक्यांची सरासरी काढा, नाहीतर दळून भुकटी करा. पोकळ्यांतलं झिओलाइट चुकवा, हवामानाने तांबूस झालेली साल टाळा. संगमरवराच्या खाणी ओळखायला हे यंत्र घेऊ नका, त्याला कार्बन-ऑक्सिजनची समस्थानिकं लागतात.

गाळाच्या बाबतीत शेतातल्या ओल्या मातीवर यंत्र टेकवण्याचा मोह आवरा. पाण्याने सगळे आकडे खाली येतात. गाळ वाळवून 250 मायक्रॉनच्या चाळणीतून काढा, पुढे बारीक दळून कपात किमान 10 मिलिमीटर भरा, वर पातळ पॉलिप्रोपिलीन फिल्म ताणून लावा. त्याच गाळाची चिकणमाती-खनिजं एक्सआरडीवर पाहायची असतील तर तो भाग ओव्हनमध्ये 105 अंशांवर टाकू नका, सावलीत वाळवा. दर 20 नमुन्यांमागे किमान एक प्रयोगशाळेत आयसीपीवर (प्लाझ्माने मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर) पाठवा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या (ईपीए) 6200 पद्धतीतही हेच प्रमाण आहे. दोन्ही आकडे किती जुळतात ते सांगणारा आर-वर्ग 0.7 च्या खाली असेल तर त्या मूलद्रव्याचा तक्ता बाजूला ठेवा.

विकत घेण्याआधी अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (एईआरबी) ई-लोरा पोर्टलवरची परवानगी कोण काढणार, हे लेखी ठरवून घ्या. क्ष-किरणांचं यंत्र आहे, ते नुसतं कपाटात आणून ठेवता येत नाही. प्रात्यक्षिकाला विक्रेत्याचा चकचकीत धातूचा तुकडा नको. आपलं एक कापलेलं खापर, एक बेसाल्ट आणि बीएचव्हीओ-2 पुढे ठेवा, 5-5 वेळा मोजायला सांगा, आणि घरी येताना आकड्यांच्या तक्त्यासोबत कच्च्या स्पेक्ट्रमच्या फायली मागून आणा. फायली बाहेर काढू न देणारं यंत्र कितीही हलकं आणि देखणं असलं तरी या कामासाठी घेऊ नये.