रुगर १०/२२ : यंत्रणा एक, मॉडेले अनेक

अमेरिकेच्या स्टर्म, रुगर कंपनीची .२२ लाँग रायफल काडतुसाची १०/२२ ही रायफल १९६४ पासून बाजारात आहे आणि तिची मॉडेले आता इतकी झाली आहेत की नवख्याने यादी पाहूनच गोंधळून जावे. वास्तविक कार्बाइन, स्पोर्टर, टार्गेट किंवा टेकडाउन यांपैकी कोणतीही घेतली तरी आतली अर्धस्वयंचलित (चाप ओढला की दर वेळी एक गोळी सुटून पुढचे काडतूस आपोआप भरणारी) यंत्रणा मुळात तीच असते. फरक पडतो तो मुख्यतः नळी आणि दस्ता यांत.

या रायफलीचे सर्वांत सरस अंग म्हणजे १० काडतुसांचे फिरते मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरून ठेवण्याचा कप्पा. .२२ लाँग रायफल हे रिमफायर काडतूस आहे. अशा काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते आणि ठिणगी पाडणारे मिश्रण त्या कडेतच भरलेले असते. सरळ मॅगझिनमध्ये या कडा एकमेकींत अडकू शकतात. येथे प्रत्येक काडतूस चक्राच्या स्वतंत्र खाचेत बसत असल्याने तो धोका राहत नाही, शिवाय मॅगझिन दस्त्याखाली डोकावतही नाही. काडतुसे मात्र वेगवान हवीत, कारण मंद काडतुसांच्या धक्क्याने बोल्ट (नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता तुकडा) पुरता मागे जाईलच असे नाही.

उणिवाही आहेत. शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट उघडा राहत नाही, त्यामुळे मॅगझिन रिकामे झाल्याचे रिकामा चाप ओढल्यावरच कळते. जुन्या रचनेतील बोल्ट अडकवण्याची कळ तर तिसरा हात मागणारी आहे. मूळ ट्रिगरही, म्हणजे चापही, जड आहे. कंपनीचाच बीएक्स ट्रिगर बसवल्यास नेमात लगेच फरक जाणवतो.

२०१२ मध्ये आलेली टेकडाउन दोन भागांत सुटते. तिच्या मूळ लोखंडी साइट्स (नेम धरण्याच्या खुणा), मागची आणि पुढची दोन्ही, नळीवरच असल्याने पुन्हा जोडल्यावर नेम सहसा ढळत नाही. दुर्बीण रिसीव्हरवर, म्हणजे यंत्रणा बसवलेल्या भागावर, लावल्यास मात्र ही खात्री तितकी राहत नाही, आणि हे विकत घेण्यापूर्वी फार थोडे जण लक्षात घेतात. टार्गेटची जाड नळी अचूक असली तरी रायफल हातात धरून हिंडण्यासाठी जड पडते.

माझ्या मते पहिली खरेदी साध्या कार्बाइनचीच असावी. तिची नळी व्ही आकाराच्या ठोकळ्याने आणि दोन स्क्रूंनीच धरलेली असल्यामुळे पुढे घरीही बदलता येते. जाड नळी निवडल्यास दस्त्यातील खाच रुंद करावी लागते, एवढेच.