खोक्यावर टीटीएल, पायाला एकच ठिपका

कॅमेऱ्याचा फ्लॅश घेताना फसले, ९,४४० रुपये. आकडा आधीच लिहून टाकते, नाहीतर पुढे लिहायचा धीर होणार नाही. गिऱ्हाइकाला परत केलेले ३,००० त्यात धरले तर १२,४४०. आणि जो फ्लॅश मला हवा होता, तोच आमच्या नेहमीच्या दुकानदाराने पक्क्या बिलासकट १४,२०० ला सांगितला होता.

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. नऊ वर्षं झाली, बारशी, डोहाळजेवणं, मुंजी यांचे फोटो काढते. नवखी नाही. म्हणूनच हे लिहिताना राग येतो तितकीच लाजही वाटते.

घरात पहिलं वाक्य ऐकलं ते हेच, की स्वस्तातलं घ्यायला गेलीस म्हणून फसलीस. हे मला अजिबात मान्य नाही. कॅनन-निकॉनचे स्वतःचे फ्लॅश चांगलेच असतात, पण त्या एका फ्लॅशच्या पैशात दुसऱ्या कंपनीचे दोन येतात आणि वर सेल-चार्जरचे पैसे उरतात. गोडॉक्स, योंगनुओवर लोक लग्नंच्या लग्नं काढताहेत. माझ्याकडे स्वतःच्या कमाईचा योंगनुओ ५६० पाच वर्षं होता. पूर्ण मॅन्युअल, पॉवर हाताने कमी-जास्त करायची. त्याने मला एकदाही तोंडघशी पाडलं नाही. पडून त्याचं डोकं मोडलं, म्हणून नवीन शोधत होते.

या वेळी टीटीएल हवंच होतं. मुंजीत आत होमाचा धूर, बाहेर वैशाखाचं ऊन, पाहुणे कधी दोन हातांवर तर कधी दहा. दर वेळी पॉवर बदलत बसलं की क्षण निघून जातो. टीटीएलमध्ये कॅमेरा आधी एक बारीक झोत टाकून उजेड मोजतो आणि फ्लॅशला किती द्यायचा ते सांगतो. सोबत एचएसएस हवं, म्हणजे शटर वेगात असलं तरी फ्लॅशचा उजेड पूर्ण फोटोभर पडतो, कारण माझ्या कॅनन ८०डी कॅमेऱ्याचा सिंक, म्हणजे साध्या फ्लॅशशी जुळणारा शटरचा सर्वात जास्त वेग, १/२५० सेकंदालाच थांबतो. चार पेन्सिल सेलवर चालणारा, टीटीएल आणि एचएसएस असलेला फ्लॅश ८,७०० ला, असं मोबाइलवर दिसलं. कंपनी ओळखीची, पण तिचं नाव लिहीत नाही. तिचा दोष नाही, तिच्या नावाचा खोका फक्त वापरला गेला.

पुढचा प्रकार नेहमीचाच. व्हॉट्सॲपवर बोलणं, "मैडम, बेफिकर रहो, जेल रोड पे अपनी दुकान है", २,००० आगाऊ, बाकीचे ६,७०० कुरियरवाल्याच्या हातात. डिलिव्हरीचे १५० वेगळे. मी म्हटलं, जेल रोड आहे तर मीच येते, समोर लावून बघते. तर म्हणे दुकानात स्टॉक नाही, माल गोदामातून निघेल. माझ्या घरून जेल रोडला रिक्षाने जाऊन यायला दुपारसुद्धा गेली नसती. गेले नाही. मुंज रविवारी होती आणि हा गुरुवारी सांगत होता की आज पैसे टाकले तर उद्या पार्सल. यूपीआयवर दुकानाचं नाव न येता कुणा माणसाचं नाव आलं, तेव्हाही बोट थांबलं नाही.

पण खरा क्षण शुक्रवारचा. तो अजून रात्री डोळ्यांपुढे येतो.

कुरियरवाला पैसे मोजून गेला होता. मी खोका उघडला, चार सेल घातले, फ्लॅश कॅमेऱ्यावर सरकवण्यासाठी उलटा केला. फ्लॅशचा जो पाय कॅमेऱ्यावर बसतो, त्याखाली मधोमध एकच गोल धातूचा ठिपका होता. एकच. कॅननच्या टीटीएल फ्लॅशला मधला मोठा ठिपका आणि त्याच्या शेजारी चार बारीक, असे पाच असतात. त्या चार ठिपक्यांतूनच कॅमेरा आणि फ्लॅश बोलतात. ते नसतील तर कॅमेरा फक्त "पेट" एवढंच सांगू शकतो. हे मला कुणी शिकवायला नको होतं. पाच वर्षं मी एका ठिपक्याचाच फ्लॅश वापरला होता! डोळ्यांनी पाहिलं, आणि मनात आलं, नवीन मॉडेल आहे, आता वेगळं करत असतील. बटण दाबलं, लख्ख उजेड पडला, आणि मी निश्चिंत झाले. मोडचं बटणही दाबलं होतं. एम, एस१, एस२, आणि पुन्हा एम. एस१ आणि एस२ म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणं. टीटीएल हा शब्द पडद्यावर आलाच नाही, तो फक्त खोक्यावर आणि फ्लॅशच्या अंगावरच्या चिकटपट्टीवर होता. त्या वेळी आत आईला औषध द्यायचं होतं, मुलगा दुसऱ्या दिवशीच्या पेपरचं काही विचारत होता. कारणं सांगायची नाहीत म्हणते आणि सांगतेच आहे. पण खरंच, दोन मिनिटं शांत मिळाली असती तर मी कुरियरवाल्याला कोपऱ्यावर गाठलं असतं.

रविवारी मातृभोजनाला बटू आईच्या मांडीवर, पाठीमागे मोठी खिडकी. खिडकीतलं बाहेरचं टिपायला शटर १/६४० ठेवलं, एचएसएस आहे या भरवशावर. टीटीएल फ्लॅश असता तर कॅमेऱ्याने तो ओळखला असता, आणि एचएसएस चालू नसतं तर शटर आपणहून १/२५० वर आणलं असतं. एका ठिपक्याच्या फ्लॅशचा त्याला पत्ताच लागत नाही, तो सांगितलं तसं करतो. फोटोचा एक भाग उजळ, बाकीच्यावर आडवा काळपट पट्टा. आईचा हात उजेडात आणि मुलाचा चेहरा अंधारात. आठ-नऊ फोटो तसेच गेल्यावर लक्षात आलं, तोवर घास भरवून झाला होता. मुंजीत भिक्षावळ थोडी थांबवता येते, काकवा-माम्या पुन्हा हसून उभ्या राहतात. आईच्या मांडीवरचा शेवटचा घास पुन्हा भरवायला कसं सांगायचं? त्या वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. मीच ३,००० परत केले.

सोमवारी विकणाऱ्याला कळवलं. तो म्हणाला खोका उघडतानाचा व्हिडिओ पाठवा. तो काढला नव्हता. तुम्ही काढा, कुरियरवाल्यासमोर काढा, आणि त्यात फ्लॅशचा पाय दाखवा. मग म्हणाला, बदलून देतो, पिकअपचे ५०० अधिक १८ टक्के, म्हणजे ५९० पाठवा. मी पाठवले. हो, पाठवले. ते गेल्यावर नंबर बंद.

जेल रोडला मग गेले. बिलावरच्या पत्त्यावर मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान, त्यांना काहीच माहीत नाही. तिथेच उभी राहून बिल पहिल्यांदा नीट वाचलं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, मध्य प्रदेशाचा २३. या बिलावर ०७, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर हा क्रमांक कुणालाही फुकट तपासता येतो. पैसे द्यायच्या आधी बिलाचा फोटो मागा आणि तपासा. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते, माझ्या खोक्यावर दोन्ही नव्हतं.

आता पोलीस ठाण्याची गोष्ट. पहिल्या दिवशी साहेब नाहीत. दुसऱ्या दिवशी होते, त्यांनी फ्लॅश हातात घेऊन बटण दाबलं, उजेड पडला, आणि म्हणाले, "चल तो रहा है मैडम, चीज तो मिली ना?" मी ठिपके दाखवले, कॅमेरा सोबत नेला होता, काळे पट्टे आलेले फोटो दाखवले. त्यांचं एकच, माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही, ग्राहक न्यायालयात जा. एक वस्तू सांगून दुसरी गळ्यात मारणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भाऊजींच्या ओळखीच्या वकिलांनी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लिहून दिलं, ते घेऊन तिसऱ्यांदा गेले. साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच मागितली तर "कम्प्यूटर बंद है". चौथ्या खेपेला तो अर्जच सापडेना. बँकेत गेले तर पिन तुम्हीच टाकला ना, एवढं बोलून पुढचा टोकन नंबर पुकारला. कुरियर कंपनी म्हणते आम्ही बंद खोका पोचवतो. पण माझे ६,७०० रोख त्यांनी कुणाच्या खात्यात भरले, एवढं नाव तरी सांगा! ते सांगायला पोलिसांचं पत्र हवं. आणि पोलीस पत्र देत नाहीत, कारण त्यांच्या लेखी गुन्हाच नाही. सहा फेऱ्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी बायकांना उपकरणातलं काय कळतं, असा तो चेहरा. ठाण्यात फ्लॅशच्या पायाचे ठिपके मोजणारी मी एकटीच होते.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच घटकेला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. मी लाजेपायी चार दिवस घालवले, नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. ठाण्यात अर्जाच्या दोन प्रती न्या आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत करायची. माझी तयार आहे, अडलंय ते समोरच्याच्या खऱ्या पत्त्यापाशी.

आणि फ्लॅश घेताना आधी उलटा करा. ठिपके मोजा. मग मोडचं बटण दाबून टीटीएल पडद्यावर येतं का ते बघा, आपल्याच कॅमेऱ्यावर, आपल्या हाताने. पेटला म्हणजे बरोबर आहे असं नाही.

गेल्या आठवड्यात ओळखीतला एक फोटोवाला घरी आला. म्हणाला, ताई, २,५०० देतो, खोका आहे, पट्टी आहे, कुणाला तरी टीटीएल म्हणून जाईल. मी त्याच्यासमोरच ती पट्टी नखाने खरवडून काढली आणि खोक्याच्या चारी बाजूंना काळ्या मार्करने लिहिलं: मॅन्युअल आहे, टीटीएल नाही.