नऊ महिने मोठ्यानं वाचल्यावर

गेल्या जूनपासून मी ठरवून फक्त गेल्या पंचवीसेक वर्षांतलं मराठी वाचतेय, कथा-कादंबरी आणि कविता. नऊ महिने झाले. या वाटेला जावं का, असं मैत्रिणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'नं झाली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला, तेव्हाच घेऊन ठेवली होती. दोनदा सुरू केली, दोन्ही वेळा विसाव्या पानाच्या आसपास सोडली. माझं सगळं शिक्षण ठाण्यात झालं. पन्हाळ्याकडची ती बोली डोळ्यांनी वाचताना मी प्रत्येक शब्दाचा आधी मनात 'शुद्ध' शब्द करत होते आणि मग पुढे जात होते. असं किती वेळ वाचणार?

जूनमध्ये आत्या आमच्याकडे राहायला आली. तिचं सगळं आयुष्य पन्हाळा भागात गेलं. काचबिंदूमुळे आता तिला अक्षर लागत नाही. एका दुपारी तिनंच विचारलं, "त्ये काय हाय उशाला?" सांगितलं, धरणात गाव गेलंय, माणसं उठून गेलीत, एक म्हैस तिथंच मागं राहून रानटी झालीय आणि तिला आणायला माणूस परत निघालाय. ती उठून बसली. "वाच की मग."

मी वाचायला लागले. दोन ओळी झाल्या नाहीत तोवर तिनं थांबवलं. "आगं, असं न्हवं. मधी दम घेऊ नगंस. एका दमात म्हण." तिनं तेच वाक्य म्हणून दाखवलं. मी स्वल्पविराम शोधत होते, ती चालत होती. जोर भलत्याच शब्दावर आला आणि वाक्याचा अर्थ लख्ख झाला. गोठ्यातल्या, डोंगरातल्या ज्या शब्दांना मी अडत होते, त्यांचा अर्थ तिनं एकदाही सांगितला नाही. नुसता उच्चार दुरुस्त केला आणि पुढचं ऐकायला लागली. तिसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यातलं भाषांतर बंद पडलं. पुस्तकाच्या शेवटी शब्दार्थांची यादी का देत नाहीत म्हणून मी चिडले होते. आता वाटतं, यादी असती तर मी तीच वाचत बसले असते.

अशी पुस्तकं अवघड नाहीत, ती ऐकायची आहेत. या नऊ महिन्यांत माझ्या हाती लागलेली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच.

मग तोच नाद लागला. किरण गुरवांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'तल्या दीर्घकथा रोज संध्याकाळी थोड्या थोड्या वाचल्या. गुरव घाई करत नाहीत, बारीकसारीक तपशिलात रमतात. एकटीनं वाचताना कदाचित मी पानं उलटली असती. ऐकणारं माणूस समोर असलं की तसं करता येत नाही आणि ते बरंच होतं.

जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'नं मात्र परीक्षा घेतली. गिरण्या गेल्यानंतरची मुंबई, तिथल्या पोरांची भाषा, शिव्यांसकट. मी एक-दोन ठिकाणी शब्द गाळले. आत्याला लगेच कळलं. "गाळलंस न्हवं? त्यो असं बोलणारच न्हाई." तिचं बरोबर होतं. शिवी काढली की तो मुलगा खोटा वाटत होता. मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं, जसंच्या तसं.

सगळंच असं मोठ्यानं वाचता येत नाही. नंदा खरे यांची 'उद्या' आम्ही चार दिवसांत बाजूला ठेवली. तिचे धागे अनेक आहेत, मागं जाऊन पुन्हा ताडून पाहावं लागतं. ती मी रात्री एकटीनं पुरी केली, आणि माणसावर सतत नजर ठेवणारं ते जग अंगावर आलं.

आता कविता. इथं पहिले दोन महिने माझी चूकच होत होती. अनुराधा पाटील यांचा 'कदाचित अजूनही' मी गद्यासारखा सलग वाचत गेले. आत्याला जात्यावरच्या शेकडो ओव्या येतात. तिनं विचारलं, "ह्येला चाल न्हाई व्हय?" मी म्हटलं, नाही, मुक्तछंद आहे. पण प्रश्न मनात राहिला. मग ओळ जिथं संपते तिथं खरंच थांबायला लागले, अर्थ अर्धा राहिला तरी. त्या थांबण्यातच चाल होती. गद्यात जिथं थांबायचं नव्हतं तिथं मी थांबत होते आणि कवितेत थांबायचं तिथं पुढे पळत होते.

म्हणून एक कळकळीनं सांगते, कविता मोबाईलवर वाचू नका. मी काही महिने वाचल्या. अक्षर मोठं केलं की लांब ओळ मोडते आणि तिचा शेवटचा एकटा शब्द खाली येऊन बसतो. ती ओळ कवीनं तोडली की पडद्यानं, हे कळायला मार्ग नाही. काही दिवाळी अंकांतही कविता लेखाखालच्या उरलेल्या जागेत कोंबतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

अरुण कोलटकरांची 'भिजकी वही' मी कागदावरच वाचली, अजून वाचतेय. जाडजूड आहे, मांडीवर घेऊनच बसावं लागतं. हिपेशिया, राबिया, किम, जगभरच्या बायकांचं दुःख त्यात आहे. नाडेझ्दाशी आलो तेव्हा आत्याला आधी गोष्ट सांगितली. स्टालिनच्या राज्यात नवऱ्याच्या, रशियन कवी ओसिप मांडेलश्टामच्या, कविता कागदावर ठेवणं धोक्याचं होतं, म्हणून बाईनं त्या पाठ करून वर्षानुवर्षं जपल्या. आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या आयांनी दुसरं काय केलं? कागुद कुणाकडं हुता?" आणि तिनं तिच्या आईची एक ओवी म्हटली, जी मी आजवर ऐकलीच नव्हती. ती मी वहीत उतरवून घेतलीय.

तक्रार एकच, पुस्तकं मिळत नाहीत. आमच्या जवळच्या दुकानात पाककृती आणि यशाचे मंत्र भिंतभर आहेत, पण अकादमी मिळालेली कादंबरी मागवावी लागते आणि तीन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. कवितासंग्रह तर एकदा संपला की पुढची आवृत्ती कधी येईल कुणी सांगत नाही. दिसला की घ्या.

आत्या वैशाखात गावी जाणार आहे. त्याआधी तिला खोतांची 'झड-झिंबड' ऐकायचीय. वाचनालयात सांगून ठेवलंय, प्रत परत आली की फोन करतील.